मधल्या पदाची फोड आणि वजा चिन्हाची मेख

क्ष² असलेल्या तीन पदांच्या राशीचे अवयव पाडताना, म्हणजे ती कंसांच्या गुणाकाराच्या रूपात लिहिताना, पदे घातांकांच्या उतरत्या क्रमाने लावून सर्व पदांत सामाईक असलेली संख्या प्रथम कंसाबाहेर काढावी. १२क्ष² − १४क्ष − ४० मधून २ बाहेर काढल्यास ६क्ष² − ७क्ष − २० उरते आणि पुढे ४८० (१२ × ४०) ऐवजी १२० (६ × २०) च्याच जोड्या तपासाव्या लागतात.

आता मधल्या −७क्ष ची फोड करण्यासाठी गुणाकार ६ × (−२०) म्हणजे −१२० आणि बेरीज −७ येईल अशा दोन संख्या हव्यात. ‘सुचेल ती जोडी लावून पाहा’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. १ व १२०, २ व ६०, ३ व ४० अशा जोड्या क्रमाने लिहीत गेल्यास ८ व १५ पाशी फरक ७ मिळतो. गुणाकार ऋण असल्याने चिन्हे भिन्न असतात आणि मोठ्या संख्येला मधल्या पदाचे चिन्ह मिळते, म्हणून −१५ आणि +८.

खरी मेख पुढे आहे. ६क्ष² + ८क्ष − १५क्ष − २० असे लिहिल्यावर पहिला गट २क्ष(३क्ष + ४) असा सहज सुटतो. दुसऱ्या गटातून मात्र ५ नव्हे, −५ बाहेर काढायचे असते, आणि −२० ला −५ ने भागल्यावर आत +४ उरतात. नववीत असताना मी येथे हटकून −५(३क्ष − ४) लिहीत असे आणि कंस जुळत नाहीत म्हणजे जोडीच चुकली, असे समजून अख्खे उदाहरण खोडून टाकत असे. गोव्यात फोंड्यातल्या माझ्या शिकवणीला येणारी मुले चौथीपर्यंत ‘अवयव’ म्हणतात, पाचवीपासून माध्यम इंग्रजी झाल्यावर ‘फॅक्टर’ म्हणू लागतात, पण चूक मात्र हीच करतात. कंस जुळले नाहीत तर जोडीला दोष देण्यापूर्वी दुसऱ्या गटातले शेवटचे चिन्ह तपासावे.

−१५क्ष आधी आणि +८क्ष नंतर लिहिल्यास ३क्ष(२क्ष − ५) + ४(२क्ष − ५) असे मिळून वजा बाहेर काढण्याचा प्रसंगच टळतो, हे खरे. तरीही ही पळवाट मी सुरुवातीला शिकवत नाही, कारण क्ष² − ७क्ष + १० सारख्या उदाहरणात जोडीतल्या दोन्ही संख्या ऋण असतात आणि तेथे ती चालत नाही.

उत्तर २(२क्ष − ५)(३क्ष + ४). पडताळ्यासाठी क्ष = १ घ्यावे: मूळ राशीची किंमत −४२ आणि उत्तराची २ × (−३) × ७, म्हणजे −४२. पडताळा मूळ राशीशीच घ्यावा, म्हणजे आरंभी बाहेर काढलेले २ लिहायचे राहिले असल्यास तेही लगेच लक्षात येते.