डुकराची कलेजी आतून कच्ची राहू नये म्हणून

वरून शिजलेली दिसते, सुरी घातली की आत गुलाबी! हिपॅटायटिस ई या यकृताला सूज आणणाऱ्या आजाराचा विषाणू डुकरातून, रानडुकरातून माणसात येतो तो अशाच कच्चट कलेजीतून. जपानने तर २०१५ मध्ये हॉटेलांत ती कच्ची देण्यावर बंदीच घातली.

१. कलेजी अख्खी टाकू नका, पेराएवढे तुकडे करा.
२. रश्शाला उकळी आली की झाकण ठेवून अर्धा तास मंद आचेवर शिजवा. आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस उष्णता २० मिनिटं टिकायला हवी. जरा चिवट होते, होऊ दे.
३. सर्वांत जाड तुकडा कापून बघा.

कलेजी चिरलेल्या पाटावर न धुता कांदा-काकडी चिरू नका. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांच्या शरीरात हा विषाणू महिनोन्‌महिने ठाण मांडतो, त्यांना चवीपुरतीही अर्धकच्ची देऊ नका.