पायचे मूल्य प्रत्येक टाइपला साजेसे कसे द्यावे

सी किंवा सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये पाय (π) ही संख्या लिहिण्याआधी व्हेरिएबलचा टाइप, म्हणजे त्यात संख्या साठवण्याचा प्रकार, पाहावा: फ्लोट, डबल की लाँग डबल. नेहमीच्या संगणकांवर फ्लोटला २४ बिटांची अचूकता असते, म्हणजे साधारण ७ अंक. डबलला ५३ बिटांची, म्हणजे १५ ते १६ अंक. लाँग डबल मात्र कम्पायलरनुसार, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनुसार, बदलतो: कुठे तो ६४ बिटांची अचूकता देतो, तर कुठे डबलइतकीच.

फ्लोटमध्ये साठवलेला पाय ३.१४१५९२७४१ इतका, म्हणजे खऱ्या मूल्याहून किंचित मोठा असतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात १ मीटर व्यासाच्या फ्लायव्हीलचा परीघ काढताना यामुळे मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही कमी फरक पडतो, तेव्हा तिथे फ्लोट खुशाल वापरावा. पण त्याच फ्लायव्हीलच्या १० लाख फेऱ्यांचा एकूण कोन रेडियनमध्ये काढला, तर पुढचे सारे गणित डबलमध्ये करूनही सुमारे १० अंशांची चूक साचते, कारण फ्लोटमध्ये एकदा गमावलेले अंक डबलमध्ये टाकल्याने परत येत नाहीत.

लाँग डबलचेही तसेच आहे. ३.१४१५९२६५३५८९७९३२३८४६ असे सगळे अंक लिहूनही शेवटी एल (L) हे अक्षर नसेल, तर कम्पायलर ती संख्या डबल मानतो आणि मागचे अंक निघून जातात. ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण वाचताना कोड निर्दोष दिसतो. सी प्लस प्लस २० पासून नंबर्स या हेडरमध्ये, म्हणजे भाषेसोबत येणाऱ्या तयार फाइलमध्ये, टाइप सांगून मागवता येणारा पाय मिळतो. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या टाइपसाठी एकदाच लिहिलेल्या कोडमध्ये, तोच वापरावा.

डबलमधल्या पायचा साइन ० येत नाही, सुमारे १.२२ गुणिले १० चा उणे १६ वा घात येतो. म्हणून उत्तराची तुलना थेट शून्याशी करू नये.