चिकलठाण्याहून विमान पकडताना: आदल्या दिवसापासूनची तयारी

छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ काय किंवा नांदेडचं श्री गुरू गोबिंद सिंगजी विमानतळ काय, दोन्हीकडे रांगा लहान असतात आणि नेमकं त्यामुळेच माणूस गाफील राहतो. मुंबईत एक विमान चुकलं तर काही तासांत दुसरं मिळतं. इथे त्याच गावाचं पुढचं विमान पुष्कळदा थेट दुसऱ्या दिवशी. म्हणून काय ते घरीच उरका.

सुरुवात तिकिटावरच्या नावापासून. तिकिटावरचं पहिलं नाव आणि आडनाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. सगळ्यात जास्त घोळ लग्न झालेल्या मुलींच्या तिकिटात होतो: तिकीट सासरच्या नावाने, आधार अजून माहेरच्या. ही दुरुस्ती दारावरचा जवान करू शकत नाही, ती विमान कंपनीला फोन करून आधीच करून घ्यावी लागते. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक मूळ स्वरूपात जवळ हवं, झेरॉक्स चालत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला घ्या, वयाचा पुरावा मागतात. गरोदरपणाचे 32 आठवडे उलटले असतील तर प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र लागतं. शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, पण काही साइटवर अजून औरंगाबाद दिसतं. घाबरू नका, विमानतळाचा आयएक्सयू हा कोड तोच आहे. नांदेडचा एनडीसी.

आता सामान. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा 15 किलोची मोठी बॅग आणि 7 किलोची हातातली बॅग धरलेली असते. तुमच्या तिकिटावरचा आकडा वाचा आणि किराणा दुकानात टांगता काटा असेल तर तिथे वजन करून घ्या. काउंटरवर एक-दोनच खिडक्या असतात. तिथे बॅग उघडून सामान इकडचं तिकडे करायला लागलं की मागचे सगळे खोळंबतात. विमान एटीआर जातीचं (पंख्यांचं छोटं) असेल तर डोक्यावरचे कप्पे लहान असतात. चाकांची कडक बॅग त्यात जात नाही, ती विमानाच्या दाराशी काढून पोटात टाकतात. म्हणून हातात मऊ बॅग घ्या, आणि औषधं, दागिने, पैठणी, कागदपत्रं वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा म्हणजे बॅग द्यावी लागली तरी ती पिशवी हातातच राहील. इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नका. बॅग मागे राहिली तर डोस चुकतो, आणि सामानाच्या कप्प्यातल्या गारव्याने ते गोठूनही जाऊ शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या.

काय काढून घेतात, तेही नीट पाहा. आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता हातातल्या बॅगेत चालत नाही, तो मोठ्या बॅगेत टाका. काडेपेटी, लायटर आणि कापूर कुठेच नको. देवदर्शनाहून परतताना सुकं खोबरं हमखास सोबत असतं. त्यात तेल भरपूर असतं आणि ते पेट घेऊ शकतं, म्हणून तेही दोन्ही बॅगांतून वगळा. तेलातलं लोणचं घट्ट झाकणाच्या डब्यात, दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत. शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाकरी, धपाटे हातात न्यायला अडचण नाही. पॉवर बँक मात्र उलट: ती फक्त हातातल्याच बॅगेत. 100 वॉट-तास (बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप) ही मर्यादा असल्याने 20,000 एमएएचची चालते (74 वॉट-तास), पण वरचा छापील आकडा पुसलेला असेल किंवा ती फुगलेली असेल तर नवी घ्या. नांदेडहून जाणाऱ्या शीख यात्रेकरूंना देशांतर्गत विमानात कृपाण नेता येतं. पातं 6 इंचांच्या आत आणि एकूण लांबी 9 इंचांच्या आत हवी.

वेळेचं गणित उलटीकडून मांडा. विमान सकाळी 7 ला असेल तर काउंटर 6 ला बंद होतो आणि गेट साधारण 6.35 ला. म्हणजे 5.15 ला दारात हवं. वेब चेक-इन आदल्या दिवशी करून ठेवलं तरी मोठी बॅग द्यायची असेल तर 6 ची मर्यादा लागूच राहते, हे फार जण विसरतात. जालन्याहून येणाऱ्यांना विमानतळ शहराच्या अलीकडेच, जालना रोडवर लागतं. बीडहून साधारण 130 किलोमीटर, तीन तास धरा आणि शहरात न शिरता बायपासने झाल्टा फाटा, केंब्रिज चौकामार्गे या. शहरातून येणाऱ्यांनी दिवसा सिडको बसस्थानक आणि मुकुंदवाडीच्या चौकांसाठी अर्धा तास जादा ठेवावा.

आजी-आजोबा एकटे निघाले असतील तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच, नाहीतर किमान 48 तास आधी मागून ठेवा. सोडायला येणाऱ्याला आत प्रवेश नसतो, म्हणून तिकिटाची छापील प्रत आणि उतरल्यावर घ्यायला येणाऱ्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या खिशात ठेवा. फोनची बॅटरी संपते, कागद संपत नाही.

निघण्याआधी विमानाची स्थिती बघा, पण नुसती आपल्या विमानाची नव्हे. इथे विमान बाहेरून येतं आणि तेच परत जातं. दिल्लीहून येणारं डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात अडकलं तर तुमचंही अडकणार. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. सहा तासांपेक्षा जास्त उशीर ठरला तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत यांपैकी निवड तुमची. मागितल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही, तेव्हा काउंटरवर स्पष्ट मागा.

परतीला बॅग आली नाही किंवा फुटलेली आली तर सामानाच्या पट्ट्यापासून हलू नका. पीआयआर नावाचा तक्रार अर्ज तिथेच भरून त्याची प्रत घ्या. छोट्या विमानतळावर विमान गेलं की कंपनीची माणसं काउंटर बंद करून जातात. नुकसानीची लेखी तक्रार 7 दिवसांत करावी लागते. बॅगेचं टॅग बोर्डिंग पासला चिकटवलेलं असतं, घरी पोहोचून सामान मोजेपर्यंत ते फेकू नका.