जहाल-क्रांतिकारक करताय? आधी 1897 नीट लावा

राज्यसेवेसाठी नव्याने पुण्यात आलेल्यांसाठी लिहितोय. वंगभंग, लाल-बाल-पाल, सुरतेची फूट तुम्हाला येतं असं धरून चालतो. टिळक, चापेकर, सावरकर ही नावं शाळेपासून कानावर असल्यामुळे हा टॉपिक सगळे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. ढकलू नका.

खरा खड्डा 1897 मध्ये आहे. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी कशामुळे झाली? अभ्यासिकेत विचारून बघा. कोणी म्हणेल पुण्याचा प्लेग अधिकारी रँडच्या खुनामुळे, कोणी म्हणेल 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या अग्रलेखामुळे. मला मिळालेल्या झेरॉक्स नोट्समध्येही हेच होतं, आणि त्या देणारे सिनियर छातीठोकपणे तेच शिकवायचे.

आता नुसतं साल नको, तारखा लावा. खटला ज्यावर चालला तो शिवाजी उत्सवासंबंधीचा मजकूर केसरीच्या 15 जूनच्या अंकातला. गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या 22 जूनच्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाच्या मेजवानीहून परतताना. 'सरकारचे डोके' आला 6 जुलैला. म्हणजे शिक्षा झाली ती खुनाच्या आठवडाभर आधी छापलेल्या मजकुरासाठी, राजद्रोहाच्या कलम 124अ खाली. खुनाचा आरोप टिळकांवर नव्हताच. त्यासाठी फाशी गेले चापेकर; दामोदरपंत 18 एप्रिल 1898 ला, येरवड्यात.

एवढा कीस का पाडतोय? कारण हे दोन खटले वेगळे केले की अख्खा टॉपिक सुटतो. एकीकडे उघड राजकारण: वर्तमानपत्र, उत्सव, बहिष्कार, स्वदेशी. दुसरीकडे गुप्त कट आणि पिस्तुलं. हवा एकच होती, प्लेगच्या झडत्यांचा संताप एकच होता, पण रस्ते दोन होते. सरकारला मात्र ते एकच दाखवायचे होते. 1908 मध्ये पुन्हा तेच झालं. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेला बॉम्ब 30 एप्रिलचा. त्यावरच्या 12 मे आणि 9 जूनच्या अग्रलेखांसाठी टिळकांना 22 जुलैला सहा वर्षं, ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर 1897 मध्ये त्यांच्याच जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते! मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एक दिवस. जहालांची भूमिका विचारली तर हा संप लिहाच. सुशिक्षितांचं राजकारण गिरणगावापर्यंत पोचल्याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही.

'क्रांतिकारक अयशस्वी ठरले' हे वाक्य उत्तरात लिहून मोकळं होऊ नका. संघटना लहान होत्या, फितुरीने फुटल्या, हे खरं. पण 1908 चा स्फोटक पदार्थ कायदा, 1910 चा प्रेस कायदा, 1919 चा विनाखटला डांबण्याचा रौलट कायदा सरकारने उगाच नाही केले. रौलटविरुद्ध पुढे गांधीजी उभे राहिले, तेव्हा धागा इथूनच जातो.

वन-शॉट व्हिडिओंवर माझा अजिबात विश्वास नाही. यमकात बसवलेल्या ट्रिकांवर त्याहून नाही. त्यात क्रम पाठ होतो, कारण हरवतं. पण घाबरूही नका, तारखा फार नाहीत, दोन पानांत मावतात. डोक्यात बसत नसतील तर सकाळी विद्यापीठाच्या बाजूने गणेशखिंड रस्त्याने चालत या आणि तसंच पुढे फर्ग्युसन कॉलेजपर्यंत. तिथे 1931 मध्ये वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळी झाडली. हॉटसन वाचला. तारीख 22 जुलै, म्हणजे टिळकांच्या शिक्षेचीच. एकात दोन लक्षात राहतात.