फोटो बघून चांदीच्या रुपयाची ग्रेड कशी ठरवायची?

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये डब्यातून निघायचे, आणि पूजेआधी आजी ते चिंच अन् राख लावून असे घासायची की राणीचं नाक दर दिवाळीला थोडं बसतच गेलं. आज ते रुपये आरशासारखे चकचकतात आणि नाणी जमवणाऱ्यांच्या भाषेत सगळेच्या सगळे 'क्लीन्ड', म्हणजे भाव गेलेले. हे आधीच सांगून टाकतो कारण फोटोवरून ग्रेड काढताना नवीन माणूस इथेच फसतो, चमक दिसली की नाणं भारी असं त्याला वाटतं. चमक आणि लस्टर (टाकसाळीतून नवं निघताना नाण्यावर असलेली मूळ झळाळी) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फोटोत हाच फरक सगळ्यात आधी हरवतो.

मी इथे ब्रिटिश काळातल्या एक रुपयाबद्दलच बोलणार आहे, राणीछाप, सातवा एडवर्ड, पंचम जॉर्ज आणि शेवटी थोडा सहावा जॉर्ज, कारण आपल्याकडे घराघरात सापडतात ते हेच.

आधी ग्रेडची, म्हणजे नाणं किती झिजलंय आणि किती चांगलं राहिलंय हे सांगायची भाषा. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये तिकडच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली, तीच पुढे जगभर रूढ झाली. फाइन म्हणजे १२ ते १५, व्हीएफ (व्हेरी फाइन) २० ते ३५, एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन) ४० आणि ४५, एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड, जेमतेम फिरलेलं) ५० ते ५८, आणि ६० च्या पुढे यूएनसी (अनसर्क्युलेटेड), म्हणजे व्यवहारात न फिरलेलं नाणं. फोटोवरून मात्र एकच आकडा सांगायला जाऊ नका, 'व्हीएफ ते एक्सएफ' असं बोला. फोटो बघून थेट ६३ म्हणणारा माणूस एकतर फार मुरलेला असतो किंवा त्याला ते नाणं विकायचं असतं.

स्टेप १: नाणं नंतर, आधी उजेड बघा. सावली कुठल्या बाजूला पडलीय, पांढरा भप्प डाग कुठे आहे, मागचं कापड कुठल्या रंगाचं दिसतंय. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत काळपट डागसुद्धा सोनेरी टोनिंग, म्हणजे वर्षानुवर्षांत आपोआप चढलेली रंगछटा, वाटतं, समोरून फ्लॅश मारला की बारीक ओरखडे पुसले जातात, आणि स्कॅनरवर काढलं तर एकदम यूएनसी नाणंसुद्धा मेलेलं, करडं दिसतं, म्हणजे स्कॅन बघून नाणं नाकारणंही चूकच. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येत असेल तर 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा, नाहीतर तो दाबून छोटा होतो आणि झूम केलं की राजाच्या दाढीचा लगदा दिसतो.

स्टेप २: उंच भाग शोधा. नाणं झिजतं ते सगळीकडे सारखं नाही, जो भाग वर आलेला तो आधी घासला जातो. पंचम जॉर्जच्या रुपयावर भुवई, कानाची वरची कड, गाल-दाढी आणि छातीवरचा झगा बघायचा. त्या झग्यावर एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला, आरडाओरडा झाला, नाणी परत घेतली गेली आणि १९१२ ला सोंड नीट करून नवीन साचा आला. आपल्याला हा हत्ती मोजपट्टी म्हणून फार उपयोगी पडतो. फोटो मोठा करून बघा, हत्तीचे पाय, पाठ, सोंड वेगवेगळे दिसतायत आणि मुकुटातले मोती एकेक मोजता येतायत तर एक्सएफच्या आसपास. हत्ती आहे हे कळतंय पण सपाट झालाय, मोती एकमेकांत मिसळलेत, तर व्हीएफ. हत्तीच्या जागी नुसता उंचवटा उरला असेल तर फाइन किंवा त्याच्याही खाली, मग साल कितीही स्पष्ट दिसू दे.

राणीवर कपाळालगतचे केस आणि झग्याची नक्षी बघायची. एडवर्डचं जरा अवघड आहे, बिचाऱ्याला मुकुट नाही आणि डोक्यावर केसही बेताचेच, त्यामुळे मोठा गुळगुळीत भाग तसाही सपाटच दिसतो. तिथे कान आणि कानावरचे केस बघायचे आणि मागच्या बाजूचा मुकुट तपासायचा.

इथे एक फसवी गोष्ट आहे. कधी कधी भाग झिजलेला नसतो, ठसाच नीट उठलेला नसतो. फरक रंगात कळतो, झिजलेल्या जागी चांदीचा पोत बदलतो, आजूबाजूपेक्षा ती जागा करडी आणि मंद दिसते. ठसा कमी उठलेला असेल तर डिटेल नसतं पण बाजूच्या सपाट भागासारखाच पोत तिथेही चालू राहतो.

स्टेप ३: लस्टर. टाकसाळीत साचा दणकन बसतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि डोळ्याला न दिसणाऱ्या रेघा मागे ठेवतो, त्यावर उजेड पडला की चाकाच्या आऱ्यांसारखा पट्टा फिरतो, जुनी सीडी हलवल्यावर फिरायचा अगदी तसा. एका फोटोत हे कळूच शकत नाही. म्हणून दहा सेकंदांचा व्हिडिओ मागायचा, नाणं बोटात कडेने धरून हळू तिरकं करायला सांगायचं. पट्टा गालावरून आणि मोकळ्या भागावरून न तुटता गेला तर यूएनसीची आशा, फक्त उंच जागी तुटला तर एयू. पट्टाच नाही आणि सगळं नाणं एकसारखं पांढरं झगझगतंय, तर पॉलिश मारलेलं.

घासलेल्या नाण्याची अजून एक खूण आहे, ती साध्या फोटोतही सापडते. अक्षरांच्या आणि आकड्यांच्या कोपऱ्यात जुनी काळी मळी तशीच आणि मधला भाग मात्र पांढराशुभ्र, हे आपोआप होत नाही, कपडा तिथपर्यंत पोचला नाही एवढंच. आणि सगळे बारीक ओरखडे एकाच दिशेने असतील तर ते घासल्याचेच, थैलीत नाण्यावर नाणं आपटून झालेल्या खुणा वाटेल तशा इकडेतिकडे असतात.

स्टेप ४: कड. मी स्वतः इथे मार खाल्लाय. १९१७ चा रुपया, लाल मखमलीवर ठेवलेला सुंदर फोटो, विकणारा यूएनसी म्हणत होता आणि मी एक्सएफ धरून पैसे पाठवले. हातात आल्यावर बघतो तर मुकुटाच्या वर, बारा वाजताच्या जागी कडेवर छोटा सपाट करडा डाग, म्हणजे कधीकाळी हारात ओवायला कडी जोडलेली आणि नंतर कानस मारून काढलेली. परत जाऊन फोटो बघितला, तर नेमका त्याच जागी त्याचा अंगठा होता! तेव्हापासून बारा वाजताची कड दिसल्याशिवाय मी भावाचं बोलतच नाही. आपल्याकडे रुपयाचे हार पुष्कळ झाले, त्यामुळे कडी काढलेली नाणीही पुष्कळ आहेत. तसंच सराफाने खरं-खोटं बघायला नाण्यावर मारलेला ठसाही शोधा, तो बारीक असतो आणि मोकळ्या भागात सावलीसारखा लपतो.

स्टेप ५: वजनकाट्यावरचा फोटो मागा. १९३९ पर्यंतचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. १९४० पासून युद्धाच्या काळात वजन तेच ठेवून चांदी निम्मी केली, म्हणून सहाव्या जॉर्जच्या रुपयाला वजनावरून भुलू नका, साल बघा. झिजलेला रुपया थोडा हलका भरणारच, पण 'यूएनसी' म्हणून दाखवलेला ११.२ भरत असेल तर काहीतरी गडबड आहे. १९११ चा आणि १९३९ चा रुपया फोटोवरून घेऊच नका, या दोघांच्या नकला फार फिरतात, आणि १९३८ चा ८ खोदून ९ केलेला तर फोटोत ओळखणं मलाही जमलेलं नाही.

नाणं ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या प्लास्टिकच्या सीलबंद डबीत असेल तर ग्रेड लिहिलेली असतेच, तिथे फक्त ओरखडा नाण्यावर आहे का डबीवर एवढं बघायचं. ओरखडा नाण्याची कड ओलांडून बाहेरच्या पांढऱ्या रिंगवरही तसाच गेला असेल तर तो प्लास्टिकचा, सोडून द्या.

सरावाला पैसे लागत नाहीत. घरातले चार रुपये घ्या, खिडकीतल्या उजेडात, बल्बखाली आणि फ्लॅश मारून प्रत्येकाचे तीन फोटो काढा, आठवडाभराने नुसते फोटो बघून ग्रेड लिहा आणि मग नाणं हातात घेऊन दहापट भिंगातून बघा. मी आजीच्या डब्यातल्या सात रुपयांवर हे केलं. फ्लॅशच्या फोटोंवरून चार एक्सएफ लिहिले होते, भिंगाखाली त्यातला एकच निघाला, आणि तोसुद्धा चिंचेने घासलेला.