नदीत मस्कीसाठी जिवंत सकर कसा बांधायचा

आमच्याकडं कृष्णेत मरळ धरायची म्हणजे गळाला जिवंत बेडूक नाहीतर बारकी मासोळी लावायची, आणि मरळीनं ओढ दिली तरी गप बसायचं. "गिळू दे, गिळू दे" म्हणत काका माझा हात धरून ठेवायचे. ती सवय घेऊन मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आलो आणि तिथल्या चिप्पेवा नदीवर पहिल्याच ऑक्टोबरात तसंच केलं, एक मोठा गळ सकरच्या (आमिषाला लावतात तो मासा) नाकात, मस्कीनं (इथला मोठा, दातांचा शिकारी मासा) धरल्यावर पाच-सात मिनिटं वाट बघितली, मग ओढलं. मासा आला ३८ इंचाचा, म्हणजे ४० च्या आतला, सोडायलाच पाहिजे असा, आणि गळ पार पोटात. कल्ल्यातून रक्त येत होतं. शेपटी धरून बराच वेळ पाण्यात उभा केला पण हात काढला की उलटा व्हायचा, शेवटी तसाच वाहत गेला. मरळ आपण घरी नेऊन खातो त्यामुळं तिनं गिळलं तर बिघडत नाही, मस्की बहुतेक सगळे परत सोडतात, आणि ४० इंचाचा व्हायला त्याला आठ-दहा वर्षं सहज लागतात. म्हणून खाली जे सांगतोय ते सगळं एकाच गोष्टीसाठी आहे, मासा गिळायच्या आत गळ त्याच्या जबड्यात बसला पाहिजे.

ह्या बांधणीला क्विक स्ट्राइक रिग म्हणतात, म्हणजे मासा लागल्या लागल्या ओढता येईल अशी गळांची जोडणी. विस्कॉन्सिनात ८ इंच किंवा त्याहून मोठी मासोळी आमिष म्हणून लावायची तर ही रिग नाहीतर सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ, पण टोक बाजूला वाकवलेलं नसलेला), असा नियमच आहे. लायसन काढताना त्या वर्षीचे नियम वाचून घ्या, कुठल्या पाण्यात किती इंचाची अट आहे ते बदलत असतं.

आमिष म्हणजे व्हाइट सकर, १२ ते १५ इंचाचा. बेट शॉपवाल्याला टाकीतनं जाळीनं काढून दाखवायला सांगा, पाठीवर पांढरे डाग नकोत, खवलं गेलेली नकोत, आणि हातात धरल्यावर नुसता पडून राहणारा तर अजिबात घेऊ नका, नदीच्या धारेत तो पंधरा मिनिटं पण टिकत नाही. बोटीवर मोठा कूलर, त्यात नदीचंच गार पाणी आणि बॅटरीचा एअर पंप. ह्या मासेमारीचा खरा सीझन पाणी ५० फॅरनहाइटच्या (१० सेल्सिअस) खाली गेलं की, ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा मस्की सुस्त असतो, लाकडी-प्लास्टिकच्या आमिषामागं धावत नाही, पण समोर जिवंत सकर फडफडला की राहवत नाही.

आता रिग. सात पदरी, कोटिंगवाली स्टीलची वायर, ९० पाउंडाचा ताण सोसणारी. वरती दणकट स्विव्हल (गोल फिरणारी कडी), तिथनं साधारण दीड फूट वायर खाली येते आणि तिला सकरच्या नाकाचा एक साधा गळ. त्याच जागेवरनं दोन फांद्या मागं जातात, एक आखूड एक लांब, दोन्हीच्या टोकाला तिहेरी गळ, १/० किंवा २/० नंबरचा. जोड सगळे स्लीव्ह (धातूची बारीक नळी) घालून क्रिंपरनं (ती दाबायची पक्कड) दाबलेले, आणि दाबल्यावर दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढून बघायचं, गाठीवर भरवसा ठेवू नका, मस्कीचे दात साधा तंगूस एका झटक्यात कापतात. गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे मी पक्कडीनं चपटे करतो, सोडताना फार सोपं जातं.

बांधताना ओला टॉवेल घ्या आणि सकरला त्यात गुंडाळा, नुसतं डोकं आणि पाठ बाहेर. नाकाचा गळ वरच्या ओठातनं नाकपुडीच्या पुढं आरपार, तोंड शिवलं जाऊ नये नाहीतर त्याला श्वास घेता येत नाही. नदीत ओढीचा सगळा भार ह्या नाकाच्या गळावर यायला पाहिजे, म्हणजे सकर आपोआप धारेकडं तोंड करून पोहत राहतो. हे तळ्यात तितकं लागत नाही, नदीत ह्याशिवाय चालत नाही. मग बेट नीडलच्या (आमिषात घालायची लांब सुई) टोकाला बारीक रबर बँड अडकवायचा आणि पाठीच्या पराच्या खाली, फक्त कातडीतनं सुई पार करायची. खोल गेलात तर सुई जड लागते, मासा एकदम ताठ होतो, तिथंच थांबून मागं घ्यायची, बरोबर जागी असेल तर कागदातनं गेल्यासारखी जाते. रबराची दोन्ही टोकं वर आली की त्यात मागचा तिहेरी गळ अडकवायचा. पुढचा गळ दुसऱ्या अंगाला, कल्ल्यामागच्या पराजवळ, तसाच रबरानं. आता सकरला हातात थोडा वाकवून बघा, वायर ताणली जाते का? ताणली तर तो पाण्यात धनुष्यासारखा वाकडा होतो आणि गोल फिरत बसतो, एवढी ढिली पाहिजे की शेपूट दोन्हीकडं मोकळी हलली पाहिजे.

रबर का, तर तुम्ही जोरात ओढलं की रबर तुटतो, गळ सकरपासून सुटून मस्कीच्या तोंडात बसतो. गळ सकरच्याच मांसात रुतवला तर अर्धा जोर त्याच्यातच जातो.

रीलवर ८० किंवा १०० पाउंडाचा ब्रेड (विणलेला दोरा), त्यावर आधी भोकाची शिशाची गोळी, मग मणी, मग रिगचं स्विव्हल. गोळी किती जड ते धार ठरवते, मी एक औंसापासनं सुरू करतो आणि दोरा बोटीच्या मागं फार तिरका जायला लागला की दोन औंसाची घालतो. तळाशी लाकडं पडलेली असतात म्हणून सकर तळापासनं दोन-तीन फूट वर ठेवायचा. जागा म्हणजे धार आणि संथ पाणी मिळतं ती रेघ, वळणाच्या आतला डोह, पडलेल्या झाडाची खालची बाजू. मोटर वरच्या अंगाला तोंड करून चालू ठेवायची आणि बोट धारेपेक्षा हळू खाली सरकू द्यायची.

काठीचं टोक नीट बघत राहा. सकर एरवी सावकाश टुक टुक करतो, मस्की जवळ आला की एकदम वेड्यासारखा थरथरतो, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग रीलचा क्लिकर (दोरा ओढला गेला की कटकट वाजणारी कळ) ओरडतो. इथं थांबायचं नाही. बोट माशाच्या अंगावर न्या, धारेनं दोऱ्याला आलेला झोल सगळा गुंडाळा, वजन हाताला लागलं की मासा जातोय त्याच्या उलट दिशेला काठी आडवी, पूर्ण ताकदीनं. मस्की सकरला मधोमध आडवा धरतो आणि नंतर फिरवून डोक्याकडनं गिळतो, तो फिरवायच्या आत हे झालं पाहिजे.

हे सगळं करायला निघण्याआधी बोटीत रबरकोटेड मोठी जाळी, लांब पक्कड आणि गळ तोडायचा कटर आहे का बघा, नसेल तर सकर विकत घेऊच नका. मासा जाळीत, जाळी पाण्यात, मस्कीला वर काढायचं नाही. गळ निघत नसेल तर सरळ कटरनं तोडायचा, नवीन गळ बांधायला दहा मिनिटं लागतात. गेल्या नोव्हेंबरात ४४ इंची मासा असाच सोडला, दोन्ही गळ जबड्याच्या कोपऱ्यात होते, जाळी खाली केल्यावर तो थोडा वेळ तिथंच थांबला, कल्ले दोन-तीनदा उघडले-मिटले आणि शेपटीचं पाणी माझ्या तोंडावर उडवून खाली गेला.