रवणावर अंडी ठेवण्यापूर्वी नरांचे काय करायचे ते ठरवा

परसातल्या कोंबडीखाली अंडी ठेवायची ठरले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अंडी देणाऱ्या तलंगांचा कळप उभा राहतो. प्रत्यक्षात बाहेर येणाऱ्या पिल्लांपैकी साधारण निम्मी नर निघतात. कळपातली अंडी फलित राहण्यासाठी आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरेसा असतो; त्याहून जास्त नर राहिले तर ते आपसांत झुंजतात आणि माद्यांच्या पाठीची पिसे उपटली जाऊन तिथे जखमा होतात. म्हणून उरलेले नर कापून खायचे, कोणाला द्यायचे की वेगळे पाळायचे, याचे उत्तर नक्की झाल्याशिवाय एकही अंडे रवणावर, म्हणजे उबवायला, ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जातीची निवडही याच उत्तरावर अवलंबून असते. व्हाइट लेगहॉर्न वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, पण अंगाने हलकी असते, क्वचितच खुडूक होते (म्हणजे अंडी उबवायला बसते) आणि तिच्या नरांवर मांस फारसे धरत नाही. ब्रॉयलर सहा ते आठ आठवड्यांत कापण्याजोगा होतो. मात्र तो संकरातून तयार केलेला असल्यामुळे त्याची अंडी उबवून तशीच पिल्ले मिळत नाहीत, आणि जास्त दिवस ठेवल्यास वाढलेल्या वजनाने त्याचे पाय व हृदय थकते. घरगुती कळपासाठी मला दुहेरी उपयोगाच्या जाती योग्य वाटतात. ऱ्होड आयलंड रेड, प्लायमाउथ रॉक, ससेक्स किंवा ऑस्ट्रेलॉर्प यांच्या माद्या भरपूर अंडी देतात आणि नरही ताटात वाढण्याइतके भरतात. पिल्ले काढण्याचे काम कोंबडीवरच सोपवायचे असेल तर कळपात एखादी सिल्की किंवा असील असावी, कारण या माद्या चिकाटीने बसतात आणि पिल्लांना जिवापाड जपतात.

नर आणि माद्या पहिल्याच दिवशी ओळखता याव्यात असे वाटत असेल तर त्यासाठी एक जोडी फार उपयोगी आहे. ऱ्होड आयलंड रेडचा नर आणि आडव्या पट्ट्यांची प्लायमाउथ रॉक मादी यांची पिल्ले काळ्या लवीची असतात. त्यांतल्या नरांच्या डोक्यावर पांढरट ठिपका असतो, माद्यांच्या नसतो. पट्ट्यांचा गुण मादीकडून फक्त मुलग्यांकडे जातो, म्हणून हे घडते. जोडी उलटी लावली किंवा याच पिल्लांची पुढची पिढी काढली तर ही खूण उपयोगी पडत नाही.

उबवणीसाठी मध्यम आकाराची, घट्ट कवचाची, स्वच्छ अंडी निवडावीत आणि ती धुऊ नयेत, कारण धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर निघून जातो आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. साठवताना टोकदार बाजू खाली ठेवावी, जागा साधारण १५ अंश सेल्सियसची असावी आणि शक्यतो सात दिवसांच्या आत अंडी रवणावर ठेवावीत. त्यानंतर पिल्ले निघण्याचे प्रमाण घटत जाते. कळपातला नर बदलला असेल तर तीन आठवडे थांबावे, कारण आधीच्या नराचे बीज मादीच्या शरीरात दोन आठवड्यांहूनही अधिक टिकू शकते.

कोंबडी खुडूक झाली की ती पिसे फुलवून खुराड्यात बसून राहते, हात लावला की गुरगुरते आणि पोटाखालची पिसे उपटू लागते. तरीही तिच्यावर लगेच विश्वास टाकू नये. दोन-तीन दिवस खोटी अंडी ठेवून ती रात्रीही बसते का हे पाहावे. मग अंधार पडल्यावर तिला इतर कोंबड्यांपासून दूर, शांत जागी हलवावे आणि तिच्या अंगाखाली झाकतील तेवढीच, म्हणजे आठ ते बारा अंडी, सगळी एकाच दिवशी ठेवावीत. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण केली तर दुसऱ्या कोंबडीने मागाहून घातलेले अंडे ओळखून काढता येते. बसलेली मादी दिवसातून एकदा थोडा वेळ उठते. तेव्हा तिला दाणा-पाणी समोर मिळाले पाहिजे. तिच्या अंगावर उवा-गोचिडी नाहीत ना हे बसवण्याआधीच तपासावे, कारण त्या असह्य झाल्या तर मादी अंडी टाकून उठते.

कोंबडीऐवजी अंडी उबवण्याचे यंत्र वापरणाऱ्यांनी ते २४ तास आधी चालू करून तापमान स्थिर झाल्याची खात्री करावी. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश तापमान आणि पहिले अठरा दिवस सुमारे ५० टक्के आर्द्रता ठेवावी. अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवावीत, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात विजेरीच्या उजेडासमोर अंडे धरले तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसतात. काहीच दिसले नाही तर अंडे फलित नाही, आणि रक्ताचे कडे दिसले तर गर्भ मेलेला आहे, असे समजून ते काढून टाकावे. अठराव्या दिवशी फिरवणे थांबवून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी आणि मग झाकण उघडू नये. एकदा पिल्लू अडकले असेल या काळजीने मी विसाव्या दिवशी झाकण उघडले. आतली दमट हवा निघून गेली, पडदा सुकून इतर दोन पिल्लांच्या अंगाला चिकटला आणि ती दगावली. कवचाला पहिले छिद्र पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तासही लागू शकतात. बाहेर आलेले पिल्लू शरीरात ओढून घेतलेल्या बलकावर दोन दिवस तग धरते, त्यामुळे घाई करण्याचे कारण नसते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करावी. त्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य देऊ नये. त्यातल्या जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

दुहेरी उपयोगाच्या जातीचा नर साधारण सोळा ते वीस आठवड्यांत कापण्याजोगा होतो. कापण्यापूर्वी आठ ते बारा तास दाणा बंद ठेवावा, पाणी मात्र द्यावे, म्हणजे आतडी रिकामी राहतात आणि साफ करताना मांस दूषित होत नाही. औषध दिलेले असेल तर त्यावर लिहिलेला प्रतीक्षेचा काळ उलटू द्यावा. कापण्याचे काम प्रथम जाणत्या माणसाकडून शिकून घ्यावे. पक्ष्याला शांतपणे धरणे आणि सुरीला चांगली धार असणे या दोन गोष्टींवर त्याच्या वेदना किती कमी होतील हे ठरते. सुमारे ६० अंश पाण्यात मिनिटभर बुडवल्यावर पिसे सहज निघतात. आतडी काढताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नये, कारण तिच्या कडवटपणाने मांस खराब होते.

लगेच शिजवलेले मांस चामट लागते, कारण मेल्यानंतर स्नायू आखडतात. एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवल्यावर ते सैल होतात. कोवळा नर भाजायला चांगला. अंडी देणे थांबलेल्या दोन-तीन वर्षांच्या मादीचे मांस मात्र मंद आचेवर तीन-चार तास शिजवावे लागते, आणि तिच्या हाडांचा रस्सा कोणत्याही कोवळ्या पक्ष्याच्या रश्श्यापेक्षा दाट व चवदार उतरतो.